जाऊबाईंचं जेल आणि सासूबाईंचे कान

पत्र :

ताई, मी सांगलीजवळच्या एका गावात राहते. वय ३८. गेल्या पावसाळ्यात मला डेंग्यू झाला आणि त्यानंतर केस मूठमूठ हातात यायला लागले. माझ्या थोरल्या जाऊबाई पुण्यात असतात. त्यांनी लॉकडाऊनपासून घरीच केसांचं तेल, कोरफड-जास्वंदाचं जेल आणि ‘हर्बल काळी मेंदी’ करून विकायला सुरुवात केलीय. सगळं शंभर टक्के नैसर्गिक, केमिकल फ्री. आम्हाला घरचे म्हणून पार्सलच येतं. तेलानं माझे केस गळायचे थांबले. पण जेलला हल्ली आंबूस वास येतो आणि लेकीच्या डोक्यात बारीक पुटकुळ्या आल्यात. सासूबाईंना मेंदी लावली की दोन दिवसांनी कानामागं खाज सुटते, या वेळी तर कान आणि कपाळ सुजलं. जाऊबाई म्हणतात, अंगातली उष्णता बाहेर पडतेय. दुकानातला शाम्पू मी बंद केलाय, मागची नावं वाचूनच भीती वाटली. यादी सोबत पाठवतेय. नैसर्गिक वस्तूनं त्रास कसा होईल? आणि होत असेल तर जाऊबाईंना सांगू कसं? नातं तुटायला नको.

उत्तर :

ताई, तुम्ही प्रश्न शेवटी विचारलात, पण मी सासूबाईंपासून सुरुवात करते, कारण बाकी सगळं आठवडाभर थांबू शकतं, ते थांबू शकत नाही.

ती मेंदी पुन्हा त्यांच्या डोक्याला लावायची नाही. थोडीशी नाही, ‘या वेळी लवकर धुऊ’ म्हणूनही नाही. अंगातली उष्णता कानामागून बाहेर पडत नसते. तुम्ही लिहिलंय तो क्रम बघा : आधी नुसती खाज, मग पुढच्या वेळी सूज, तीही लावल्यावर लगेच नाही तर दोन दिवसांनी. ॲलर्जीचं वागणं असंच असतं, दर खेपेला वाढत जाणारं. पुढची पायरी पापण्या सुजून डोळे न उघडण्याची असू शकते. कधी डोळ्यांपर्यंत सूज आली किंवा श्वास लागला, तर घरगुती उपाय न करता सरळ दवाखाना गाठा.

आता मेंदीकडं वळू. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. ते केसातल्या आणि कातडीतल्या प्रथिनाला चिकटतं आणि रंग देतं तांबूस-केशरी. आपल्या आज्यांची डोकी आठवा. पांढऱ्या केसांवर मेंदी लावली की नारिंगी छटा यायची. मेंदीच्या झाडानं आजवर कुणाचे केस काळे केलेले नाहीत. नीळ, म्हणजे निळीच्या झाडाची पानं, मेंदीनंतर लावली तर रंग गडद होतो, हे खरं. पण ते दोन टप्प्यांचं, वेळखाऊ काम आहे. एकच पुडी, पाण्यात कालवली आणि तासाभरात केस काळेभोर, असं असेल तर त्यात जवळजवळ नक्कीच पॅराफेनिलीनडायअमाइन आहे. व्यापारी त्याला पीपीडी म्हणतात. बाजारातल्या बहुतेक काळ्या केशरंगांत हेच किंवा याची भावंडं असतात. फरक इतकाच की परवानाधारक रंगाच्या खोक्यावर ‘त्रास होऊ शकतो, आधी थोडंसं लावून बघा, भुवया-पापण्यांना लावू नका’ ही सूचना छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. ‘हर्बल’च्या हिरव्या पुडीवर मात्र फक्त पानाचं चित्र असतं.

तुमच्या जाऊबाई फसवताहेत असं मला वाटत नाही. त्या बहुधा ही पावडर कुठून तरी किलोवर आणून वीस-पंचवीस रुपयांच्या पुड्या भरत असतील. त्यांनाही वरच्यानं ‘हर्बल’ म्हणूनच विकली असेल. पण पीपीडीची ॲलर्जी एकदा जडली की ती सहसा जन्मभराची सोबत. म्हणून सासूबाईंना दुसरा कुठलाही काळा रंग परस्पर लावू नका. कानामागं ठिपका लावून ४८ तास बघायची जी चाचणी खोक्यावर सांगितलेली असते, ती ज्यांना आजवर काही झालेलं नाही त्यांच्यासाठी. ज्यांचे कान सुजून झालेत त्यांची चाचणी त्वचारोगतज्ज्ञांनी करायची. आणि जत्रेत पोरांच्या हातावर ‘काळी मेंदी’चे ठसे मारून देतात, तिथंही हेच पीपीडी असतं, लेकीला तिकडं नेऊ नका.

आता जेल. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण ‘केमिकल फ्री’ या शब्दातली खरी मेख इथं आहे.

तुम्ही लोणचं घालता ना? बरणीत ओला चमचा घातला म्हणून घरात कुणाकुणाला बोलणी बसली असतील ते आठवा. आपल्या बायकांना हे कुणी शिकवावं लागत नाही : जिथं पाणी, तिथं बुरशी. पापड वर्षभर टिकतो, ओली चटणी दुसऱ्या दिवशी आंबते. खोबरेल महिनोन्‌महिने राहतं, खोवलेलं खोबरं संध्याकाळपर्यंत वास मारतं. मग हीच अक्कल आपण न्हाणीघरात शिरताना उंबऱ्याबाहेर का ठेवतो, हे मला आजवर कळलेलं नाही.

कोरफडीच्या गरात ९८-९९ टक्के पाणीच असतं. जास्वंदाची पानं चुरून काढलेला बुळबुळीत रस म्हणजेही पाणी आणि थोडी साखरेच्या जातीची द्रव्यं. जंतूंसाठी यापेक्षा बरं जेवणाचं ताट नाही. त्यात टिकवणारं काही घातलं नाही, बाटली न्हाणीघरातल्या दमट फळीवर ठेवली आणि रोज ओली बोटं घातली, तर आंबूस वास यायचाच. वास येतो तेव्हा उशीर झालेला असतो. त्याआधी कित्येक दिवस वाढ चालू असते. लेकीच्या पुटकुळ्या त्यामुळंच आहेत असं मी न बघता म्हणणार नाही, पण खराब झालेल्या जेलनं केसांच्या मुळाशी असा दाह होऊ शकतो. ते जेल आजच मोरीत ओता. लेकीचं डोकं आठवडाभर साध्या शाम्पूनं धुवा आणि पुटकुळ्या राहिल्या किंवा त्यात पू धरला तर दाखवून घ्या.

मी सौंदर्यप्रसाधनांच्या एका कारखान्यात बारा वर्षं गुणवत्ता तपासणीत होते आणि तरीही हा मूर्खपणा स्वतः केलाय. घरची कोरफड, मिक्सरमधून काढलेला स्वच्छ गर, काचेची उकळलेली बाटली, वर फ्रिज. पाचव्या दिवशी बाटलीच्या काठाला गुलाबीसर साय धरली होती. प्रयोगशाळेत ताटलीवर तशी वाढ दिसली असती तर मी अख्खी बॅच अडवली असती. घरी मात्र मनात पहिला विचार आला तो ‘वरचं काढून टाकू का’ असा.

जाऊबाई कदाचित सांगतील की आम्ही त्यात ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून घालतो. घरगुती जेल करणारे पुष्कळजण हे करतात. पण ई जीवनसत्त्व तेलाला खवट होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. जंतूंना ते अडवत नाही. जंतू अडवायला सोडियम बेंझोएट, पोटॅशियम सॉर्बेट, फिनॉक्सिइथेनॉल असलं काहीतरी लागतं, तेही योग्य प्रमाणात आणि योग्य आंबटपणात. नावं ऐकून दचकू नका. सोडियम बेंझोएट तुमच्या टोमॅटो सॉसच्या बाटलीवर २११ या आकड्यात लपलेलं असतं आणि तुमची लेक ते समोशाबरोबर खाते.

ताज्या कोरफडीचा हट्टच असेल तर अंगणातलं पान कापा, कापलेली बाजू खाली करून दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवा. जो पिवळा चीक गळतो त्यात ॲलोइन असतं, त्यानं कातडीला खाज येते. तो निथळू द्या, मग गर काढा, लावा, उरलेला टाका. बाटलीत भरायचा नाही. आणि दुकानातलं जेल हिरवंगार दिसलं तर तो रंग वरून घातलेला, हेही जाता जाता सांगते. कोरफडीचा गर पाण्यासारखा बिनरंगी असतो.

तुमचा प्रश्न होता, नैसर्गिक वस्तूनं त्रास कसा होईल. ताई, बिब्बा शंभर टक्के नैसर्गिक आहे. झाडाला लागतो, कुणी कारखान्यात करत नाही, आणि त्याचं तेल कातडीला लागलं की फोड येतात. दुसऱ्याच्या कामात बिब्बा घालणं हे आपल्या भाषेत उगाच आलेलं नाही. कोकणात काजू सोलणाऱ्या बायकांचे हात टरफलातल्या तेलानं सोलवटतात, ते तेलही झाडाचंच. लिंबाचा रस तोंडाला चोळून उन्हात गेलात तर काळे चट्टे उठू शकतात. नैसर्गिक म्हटल्यानं वस्तू कुठून आली ते कळतं. ती तुमच्या डोक्यावर काय करणार, ते त्या शब्दात लिहिलेलं नसतं.

आता तुमची शाम्पूची यादी. बाटलीच्या पुढच्या बाजूला म्हणे केवढं तरी मोठं लाल जास्वंद आहे. मागं मात्र असं : पाणी, सोडियम लॉरेथ सल्फेट, कोकामिडोप्रोपिल बीटेन, सोडियम क्लोराइड, ग्लिसरीन, परफ्यूम, फिनॉक्सिइथेनॉल, सायट्रिक ॲसिड, भृंगराज अर्क, जास्वंद अर्क, लिनॅलूल.

ही यादी वाचायची एक युक्ती आहे आणि ती एकदा कळली की दुकानात उभं राहून करमणूक होते. आपल्याकडच्या सौंदर्यप्रसाधन नियम २०२० प्रमाणे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमानं लिहावे लागतात. सगळ्यात जास्त ते सगळ्यात आधी. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर, कुठल्याही क्रमानं. (६० मिलीपेक्षा लहान बाटल्यांना आणि ३० ग्रॅमपेक्षा लहान डब्यांना यादीतून सूट आहे, म्हणून पाऊच उलटंपालटं करूनही काही सापडत नाही.) फिनॉक्सिइथेनॉल सहसा एक टक्क्याच्या आतच घालतात. म्हणजे ते जिथं आलं, तिथून पुढचं सगळं चिमटीचिमटीनं. तुमचा भृंगराज आणि ते पोस्टरभर जास्वंद दोन्ही त्या रेषेच्या पलीकडं बसलेत. शिवाय ‘अर्क’ म्हणजे निव्वळ जास्वंद नाही, तो बहुतेकदा पाण्यात किंवा ग्लिसरीनमध्ये उतरवलेला असतो. भातावर तुपाचा वास दाखवावा तसं.

उरलेल्या नावांतलं सोडियम क्लोराइड म्हणजे स्वयंपाकघरातलं मीठ. शाम्पू दाट व्हायला घालतात. सायट्रिक ॲसिड म्हणजे लिंबूसत्व. लिनॅलूल वाचून तुम्ही त्यावर दोनदा रेघ मारलीत, पण तो सुवासिक वनस्पतींच्या तेलात जात्याच असणारा घटक आहे. लव्हेंडरच्या ‘शुद्ध नैसर्गिक’ तेलातही तो भरपूर असतो आणि काहींना त्याची ॲलर्जी होते, विशेषतः बाटली जुनी होऊन हवा लागली की. युरोपात म्हणूनच असे सुगंधी घटक नावानिशी छापायला लावतात. खरं तर यादीतल्या ज्या शब्दापाशी मी थबकते तो साधा, ओळखीचा शब्द आहे : परफ्यूम. त्या एका शब्दाच्या पोटात वीस-तीस वस्तू असू शकतात. तुमच्या घरात ॲलर्जीचं माणूस आहे, तेव्हा सासूबाईंसाठी बिनवासाचं घ्या.

सोडियम लॉरेथ सल्फेट फेसासाठी आणि तेलकटपणा काढण्यासाठी. ते विष नाही. केस फार कोरडे असतील, टाळू चुरचुरत असेल तर त्याहून सौम्य काहीतरी घ्यावं, एवढंच. गंमत अशी की ‘नारळापासून बनवलेलं सौम्य द्रव्य’ म्हणून महागड्या बाटल्यांवर जे मिरवतात आणि हे बदनाम सल्फेट, दोन्हीची सुरुवात खोबरेलातून किंवा पाम-बियांच्या तेलातून होऊ शकते. नारळ दोघांचाही आजा. तेव्हा ‘नारळापासून’ हे खरं असूनही त्यातून काहीच कळत नाही.

तसंच ‘९५ टक्के नैसर्गिक’चं. हा आकडा काढायचा एक आंतरराष्ट्रीय हिशेब आहे, आयएसओ १६१२८, आणि त्यात पाणी नैसर्गिक धरलं जातं. शाम्पूत बहुतांश पाणीच असतं. पुढचं गणित तुम्ही करा.

शिकेकाई-रिठ्याचं विचाराल तर मला मनापासून आवडते. शेंगेत सॅपोनिन असतं, त्याचा फेस येतो आणि ती साबणाइतकी अल्कधर्मी नसते. पण ‘शिकेकाई साबण’ हा शेवटी साबण. आपल्या कातडीला तो जरा जास्तच अल्कधर्मी. वडीवर शेंगेचं चित्र असलं तरी.

राहिलं तेल. तुम्हाला वाटतं तेलानं केस गळायचे थांबले. मला तुमचा आनंद हिरावून घ्यायचा नाही, पण डेंग्यू-टायफॉइडसारख्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी असे मूठमूठ केस गळतात आणि पुढच्या काही महिन्यांत आपोआप थांबतात. तेल नेमकं त्या सुमाराला आलं. चालायचंच, श्रेय कुणालातरी मिळतंच. सहा महिने उलटूनही गळती चालू राहिली असती तर मी हिमोग्लोबिन, शरीरातला लोहाचा साठा आणि थायरॉईड तपासायला सांगितलं असतं.

पण तेल वाईट नाही, आणि तिघांत तेच एक टिकाऊ आहे. त्यात पाणी नाही. निदान नसावं. ओला माका, ओली जास्वंदं तेलात टाकून नुसतं ऊन दाखवलं असेल तर पाणी राहतं आणि तळाशी बुरशी धरते. जुन्या वैद्यांची यावर छान परीक्षा आहे. वनस्पतींचा कल्क, म्हणजे वाटलेला लगदा, बोटांत वळून बघायचा, त्याची वात झाली पाहिजे. मग तेलात बुडवलेली वात ज्योतीवर धरायची. तडतडली तर पाणी शिल्लक आहे, निवांत जळली तर तेल सिद्ध झालं. तुम्ही घरी कापसाच्या वातीवर हे करून बघा. पोरांना लांब बसवा.

विकतची आयुर्वेदिक तेलं घेताना मात्र यादी वेगळ्या पद्धतीनं वाचायची. तिथं ‘प्रत्येक १० मिलीमध्ये’ असं म्हणून माका, आवळा, ब्राह्मी वगैरे ग्रॅम-मिलिग्रॅममध्ये देतात आणि तेल शेवटी, ‘आधार’ म्हणून. डोळे थेट शेवटच्या ओळीवर न्या. तीळ, खोबरेल की मिनरल ऑइल, म्हणजे खनिज तेलापासून काढलेलं तेल? मिनरल ऑइलनं अपाय होत नाही, केसांवर बसून गुंता कमी करतं. पण ते केसाच्या आत शिरत नाही. २००३ मध्ये मुंबईत झालेल्या एका अभ्यासात खोबरेलानं केसातल्या प्रथिनाची झीज कमी झाली, सूर्यफूल आणि मिनरल ऑइलनं नाही, असं दिसलं. हा अभ्यास खोबरेल विकणाऱ्या कंपनीतल्याच संशोधकांचा होता, हेही सोबत लक्षात असू द्या. एकूण काय, पाचशे रुपये माक्याचे म्हणून देत असाल आणि बाटलीत मिनरल ऑइल असेल, तर साधं खोबरेल घ्या. त्या बाटलीवर खाद्यतेल लिहिलेलं असेल तर बिचकू नका. खोबरेल खायचं की लावायचं हा वाद कराच्या दरापायी थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये ठरलं, की बाटलीवर केसांचं तेल म्हटलेलं नसेल तर ती छोटी असली तरी खाद्यतेलच.

आता जाऊबाई.

दोन गोष्टी दोन वेळांना सांगा. मेंदीचं आज, फोनवर, फक्त त्यांना. कुटुंबाच्या ग्रुपवर अजिबात नाही, आणि मोठ्या भाऊजींना मध्ये घालू नका. ‘वहिनी, तुमची मेंदी वाईट आहे’ असं सुरू करू नका. ‘वहिनी, आईंचे कान सुजलेत, डॉक्टरकडे नेतेय. पावडर कुठून आणता, त्यात पीपीडी आहे का, तेवढं त्या माणसाला विचाराल का? तोवर कुणाला पाठवू नका’, एवढंच. हे ऐकून त्या गप्प होतील, कदाचित रागावतील. पण आज तुमच्या सासूबाई आहेत, उद्या एखादं गिऱ्हाईक असेल आणि ते जावेसारखं जुळवून घेणार नाही. त्यांच्या हे लक्षात यायला वेळ लागणार नाही.

जेलचं आणि परवान्याचं त्या गौरीला घरी येतील तेव्हा, पुरणाच्या रगाड्यातून हात मोकळे झाल्यावर. घरी वापरायला काहीही करा, पण विकायचं तर सौंदर्यप्रसाधनांना परवाना लागतो, आपल्याकडे तो अन्न व औषध प्रशासन देतं. बाटलीवर परवाना क्रमांक, बॅच, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख आणि घटक, हे सगळं हवं. स्वतःचा कारखाना टाकायची गरज नाही. परवाना असलेल्या कारखान्यात आपल्या नावानं माल करून घेण्याची सोय नियमांत आहे, त्याला लोन लायसन्स म्हणतात. ही माहिती तक्रार म्हणून नाही, धंद्याची म्हणून द्या. बाई इतकी वर्षं घरून माल खपवतेय, तिला ती लागेलच. आणि जेल बंद करून तेलावर भर द्या असं सुचवताना ती कापसाची वात त्यांच्यासमोरच पेटवा.

त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना मेंदीची उरलेली पुडी पिशवीत टाकायला विसरू नका. सासूबाई म्हणतील, ‘कशाला, मला काही झालेलं नाही.’ तरी टाका.